शाहनाम्याची वाटणी

आधी हिशेब मांडून घेऊ. एकूण चित्रे २५८. त्यांपैकी ७८ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, ११८ तेहरानला. उरलेली ६२ टोरांटो, बर्लिन, दोहा, लंडन अशी पांगलेली, काही संग्रहालयांत तर काही खासगी तिजोऱ्यांत. चित्र नसलेली, नुसत्या मजकुराची ५०१ पाने आणि रिकामी झालेली बांधणीही तेहरानच्याच वाट्याला. हे सगळे पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत एका पुठ्ठ्यात होते. ७५९ पानांचे एकच पुस्तक, इराणचा शाह तहमास्प याच्या चित्रशाळेत तयार झालेला फिरदौसीचा शाहनामा, म्हणजे इराणी राजांचे महाकाव्य.

वाटणी हा शब्द आपल्याला घरातून माहीत आहे. जमीन वाटता येते, भांडी वाटता येतात, वाड्याच्या खोल्याही खडूने रेघ मारून वाटता येतात. देवघर वाटायची वेळ आली की मात्र घरातली माणसे एकमेकांकडे बघू लागतात. हे पुस्तक त्या देवघरासारखे होते आणि तरीही ते वाटले गेले. या प्रकरणात लुटारू नाही, आग नाही, दंगल नाही. शेवटच्या मालकाने रीतसर पैसे देऊन घेतलेली वस्तू रीतसर सुटी केली, आणि तो मालक पुस्तकांवर जीव टाकणारा माणूस होता. इस्लामी सचित्र हस्तलिखितांचा वारसा कोणाचा, या प्रश्नावर चर्चा सुरू झाली की लोक युद्धांची आणि चोऱ्यांची उदाहरणे देतात. मला हे उदाहरण जास्त उपयोगाचे वाटते, कारण इथे कोणालाही तुरुंगात टाकता येत नाही.

पुस्तक

सफवी घराण्याचा संस्थापक शाह इस्माईल याने १५०१ मध्ये तब्रिझ जिंकून गादी स्थापली. त्याचा मुलगा तहमास्प १५१४ चा. लहानपणीच त्याला नावापुरता सुभेदार करून हेरातला पाठवले होते. हेरात म्हणजे बिहजाद या चित्रकाराचे गाव, तैमुरी दरबाराच्या नेमक्या, संयत चित्रकलेचे माहेरघर. तब्रिझची चाल निराळी होती. तिथे रंग भडक, डोंगर उकळत्या दुधासारखे वर येणारे, राक्षस मनसोक्त. १५२२ च्या सुमारास पोरगा हेरातहून परतला, १५२४ मध्ये बाप वारला आणि दहा वर्षांचा तहमास्प शाह झाला. पुस्तकाचे काम याच सुमारास सुरू झाले आणि पुढे वीसेक वर्षे चालले. हेरात आणि तब्रिझ या दोन चाली एकमेकींत कशा मुरत गेल्या हे पाने उलटत गेले की दिसते. म्हणजे दिसत असे.

पान साधारण ४७ सेंटिमीटर उंच आणि ३२ रुंद. समासावर सोन्याची शिंपण, आत चार स्तंभांत नस्तालिक लिपीतला मजकूर आणि मध्येच चित्र. निळ्यासाठी बदख्शानचा लाजवर्द, लालसाठी हिंगूळ, पिवळ्यासाठी हरताळ. एका चित्राला कित्येक महिने सहज लागत. सुलतान मुहम्मद, मीर मुसव्विर, आका मीरक, दोस्त मुहम्मद, मिर्झा अली अशी दोन पिढ्यांची माणसे त्यावर राबली. गंमत अशी की २५८ चित्रांपैकी फक्त दोहोंवर चित्रकाराचे नाव सापडते. एकावर मीर मुसव्विरचे, तेही एका दरबाऱ्याच्या पागोट्यात लपवलेले, आणि दुसऱ्यावर दोस्त मुहम्मदचे. तारीखही एकाच चित्रावर आहे, हिजरी ९३४, म्हणजे इसवी सन १५२७-२८. बाकी कोणते चित्र कोणाचे हे ठरवायचे ते एकाशेजारी एक ठेवून, झाडाची पाने कशी काढली, घोड्याचे कान कसे वळवले, असे बघत. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे पाने सुटी झाली तेव्हा नुकसान नक्की काय झाले ते यावरून कळते.

एका चित्राबद्दल थोडे थांबून सांगतो. पहिला राजा गयुमर्स डोंगरात राहतो. माणसांना अजून कापड विणता येत नाही, म्हणून सगळे बिबट्याची कातडी पांघरून त्याच्याभोवती अर्धवर्तुळात बसलेत. समोर मुलगा सियामक आणि नातू हुशंग. सिंह, हरणे, माकडे माणसांइतकीच निवांत. वरवर इतकेच. पण खडकांकडे टक लावून पाहिले की त्यांतून तोंडे बाहेर येऊ लागतात. माणसांची, जनावरांची, भुतांची, नखाएवढी आणि नखाहूनही लहान. सियामकला पुढे दैत्य मारणार आहे आणि जणू खडकांना ते आधीच कळले आहे. हे सुलतान मुहम्मदचे काम. दोस्त मुहम्मदने १५४४ च्या सुमारास एका चित्रसंग्रहाला प्रस्तावना लिहिली, तीत या बिबट्याच्या कातड्यांच्या चित्रापुढे भल्याभल्या चित्रकारांच्या माना खाली गेल्याचे सांगितले आहे. एका चित्रकाराने दुसऱ्याबद्दल हे लेखी देणे ही त्या धंद्यात सोपी गोष्ट नव्हे. आज ते पान टोरांटोच्या आगा खान संग्रहालयात आहे.

शाहनाम्याची गोष्ट मराठी वाचकाला वाटते तितकी परकी नाही. मुंबईत ज्यांचे बालपण गेले त्यांनी रुस्तम, सोहराब, जमशेद, फरिदून, कैखुश्रू ही नावे शाळेच्या हजेरीपटात ऐकलेली असतात. पारशी घरांत ती थेट याच काव्यातून आली. फिरदौसीने हे काव्य १०१० मध्ये पुरे केले, सुमारे पन्नास हजार बैत, म्हणजे दोन चरणांच्या द्विपदी.

आहेर

१५४० नंतर तहमास्पचे चित्रांवरून मन उडत गेले. धर्मभीरूपणा वाढला आणि १५५६ मध्ये त्याने जाहीर पश्चात्तापाचे फर्मान काढले. चित्रकार पोटापाण्यासाठी इकडेतिकडे पाहू लागले. नेमका त्याआधी राज्य गमावलेला हुमायून १५४४ मध्ये त्याच्याकडे आश्रयाला येऊन गेला होता. मीर मुसव्विरचा मुलगा मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे दोघे १५४९ मध्ये काबूलला हुमायूनकडे गेले आणि तिथून दिल्लीला. मुघल चित्रकला ज्या दोन माणसांपासून मोजली जाते ती हीच. शाहनाम्यातल्या काही चित्रांवर त्यांचे हात असल्याचे जाणकार मानतात. म्हणजे शाहाला नकोशी झालेली कला आपल्याकडे येऊन रुजली.

पुस्तकाचा प्रवास मात्र पश्चिमेकडे झाला. तुर्कस्तानचे उस्मानी आणि इराणचे सफवी ही हाडवैराची घराणी. एक सुन्नी, एक शिया. १५५५ मध्ये अमास्याचा तह झाला आणि सीमा थोडी शांत झाली. त्यानंतर सुलतान सुलेमानच्या दोन मुलांत गादीसाठी लढाई जुंपली. हरलेला बायझीद १५५९ मध्ये पळून तहमास्पच्या आश्रयाला आला. तहमास्पने त्याला आधी सन्मानाने ठेवले आणि मग सौदा ठरल्यावर सुलतानाच्या माणसांच्या हवाली केले. त्यांनी त्याला आणि त्याच्या मुलांना मारून टाकले. जिंकलेला भाऊ सेलिम १५६६ मध्ये सुलतान झाला. त्याच्या राज्यारोहणाचा आहेर घेऊन १५६८ च्या फेब्रुवारीत इराणचा वकील उस्मानी राज्यातल्या एदिर्नेला पोहोचला. आहेरात हजरत अलींच्या हातचे म्हणून सांगितले जाणारे कुराण होते आणि हा शाहनामा होता.

उस्मानी दरबाराने त्या दिवसाची चित्रे काढून ठेवली. १५८१ चे 'शाहनामा-ए-सेलिम खान' हे सचित्र हस्तलिखित इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. त्यात सुलतान बसलेला आहे, इराणी वकील वाकलेला आहे आणि एकामागून एक माणसे नजराणे हातांत धरून आत येत आहेत. पुस्तकाच्या आहेराचे चित्र दुसऱ्या पुस्तकात! उस्मानी चित्रकाराची सवयही यात दिसते. इराणी चित्रकार डोंगरात तोंडे लपवतो. उस्मानी चित्रकाराला कोण कुठे उभे होते आणि काय घेऊन आले होते याची नोंद ठेवायची असते. एकाला कवी म्हणा, दुसऱ्याला बखरकार. दोघांच्या चित्रांकडे एकाच मापाने पाहून चालत नाही. उस्मानी चित्रे रुक्ष म्हणून बाजूला सारणाऱ्यांचे इथेच चुकते.

आणखी एक बारकावा. शाहनाम्याच्या सुरुवातीच्याच एका चित्रात फिरदौसीने सांगितलेले धर्मपंथांचे जहाज आहे. चित्रकाराने त्यात पैगंबर, अली, हसन आणि हुसेन बसवले आहेत आणि डोक्यावर सफवी शियांची खूण असलेला उभ्या दांडीचा फेटा दिला आहे. पुस्तकभर असे लाल दांडीचे फेटे पसरलेत. हे फेटे घालणाऱ्यांना उस्मानी लोक किझिलबाश, म्हणजे लाल डोक्याचे, म्हणून हिणवत आणि त्यांच्याशी लढत. असे पुस्तक सुन्नी सुलतानाच्या खजिन्यात गेले आणि तिथे कोणी त्याला नख लावले नाही.

कपाटातली तीन शतके

तोपकापीत पुस्तक तीन शतकांहून जास्त काळ राहिले. पाने इतकी कोरी राहिली की ते फार हाताळले गेले नसावे असे वाटते. मला या भागात एकच माणूस भेटतो आणि तो मला फार आवडतो. मेहमेद आरिफ. सुलतान तिसरा सेलिम याच्या बंदुका सांभाळणारा हा अधिकारी. १८००-०१ मध्ये त्याने पुस्तक काढून पानापानाने पाहिले आणि प्रत्येक चित्रासमोरच्या संरक्षक कागदावर त्या प्रसंगाचा तुर्की सारांश लिहिला. फारसी न समजणाऱ्या कोणाला तरी हे वाचता यावे म्हणून. २५८ चित्रे, २५८ टिपणे. बंदुकांच्या कारखान्यातल्या माणसाने हे केले. विद्वानांच्या ग्रंथांत त्याच्या वाट्याला एखादी ओळ येते.

पुढच्या शंभर वर्षांत कधीतरी पुस्तक राजवाड्यातून बाहेर पडले. १९०३ मध्ये ते पॅरिसच्या एका प्रदर्शनात दिसले, मालक बॅरन एडमंड द रॉथशिल्ड. इस्तंबूल ते पॅरिस या प्रवासाचा एकही कागद पुढे आलेला नाही. विकले, कोणाला भेट दिले की खिशात घालून नेले, यावर फक्त तर्क आहेत. कायद्याच्या दृष्टीने ही सगळ्यात कच्ची कडी. पण सांस्कृतिक संपत्तीच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे आणि तो मागच्या तारखेने लागू होत नाही. तुर्कस्तानचा दावा बोलण्यापुरता बराच मोठा, कोर्टापुरता नगण्य.

त्या काळच्या पॅरिसमध्ये पुस्तक शाबूत राहिले हेच नवल. १९१० च्या आसपास देमोत नावाच्या व्यापाऱ्याने चौदाव्या शतकातला एक थोर मंगोल शाहनामा फोडला. एका पानाच्या दोन्ही बाजूंना चित्रे असली की त्याने कागद जाडीतून सोलला आणि एकाची दोन पाने करून विकली. त्या मानाने रॉथशिल्ड घराण्याने आपला शाहनामा नुसता कपाटात ठेवला. कपाटात ठेवणाऱ्याला आपण कंजूष म्हणतो, पण या प्रकरणात पुस्तक वाचवले ते कंजुषांनीच.

सुटी पाने

१९५९ मध्ये ते आर्थर हॉटन या अमेरिकनाने विकत घेतले. काचेच्या कारखानदारीतले घराणे, स्वतः पुस्तकवेडा. हार्वर्ड विद्यापीठाच्या दुर्मिळ ग्रंथांच्या वाचनालयाला त्याचेच नाव आहे, आणि मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या विश्वस्तांचा तो अध्यक्षही होता. पुस्तकाचा अभ्यास व्हावा आणि ते छापले जावे म्हणून त्याने ते हार्वर्डला अभ्यासकांकडे दिले. इथपर्यंत याहून चांगला मालक शोधून सापडला नसता.

मग १९७० मध्ये ७८ चित्रे मेटला दान गेली. १९७६ च्या सुमारास उरलेले पुस्तक इराणच्या शाहाला दोन कोटी डॉलरला देऊ केले आणि शाहाने नकार दिला असे सांगतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनच्या क्रिस्टीजमध्ये सात पाने लिलावात निघाली. त्यानंतर व्यापाऱ्यांमार्फत आणखी, आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये पुन्हा क्रिस्टीजमध्ये चौदा. मार्टिन डिक्सन आणि स्टुअर्ट केरी वेल्च या अभ्यासकांचे दोन जाडजूड खंड १९८१ मध्ये बाहेर आले, तोवर ज्याचा अभ्यास केला ते पुस्तक पुस्तक उरले नव्हते. वेल्च यांच्या स्वतःच्या संग्रहातही त्यातले एक पान होते. फरिदून अजगराचे रूप घेऊन आपल्या तिन्ही मुलांची परीक्षा पाहतो ते. त्यांच्या मृत्यूनंतर, एप्रिल २०११ मध्ये, ते सदबीज या लिलावघरात सुमारे ७४ लाख पौंडांना गेले.

हॉटनने असे का केले? करातली सवलत, वाढलेला विम्याचा खर्च, सुट्या पानांचा वाढता भाव, अशी निरनिराळी कारणे सांगितली जातात. मला त्याच्या मनात शिरायचे नाही. पण त्याच्या बाजूने जे बोलता येते ते बोलून टाकू, कारण ते अगदीच पोकळ नाही. बांधलेले पुस्तक काचेच्या पेटीत ठेवले तर एका वेळी दोनच पाने दिसतात. दरवेळी उघडताना जाड रंगाचे टवके उडण्याची भीती असते. सुटी पाने आलटूनपालटून लावता येतात, त्यांना प्रकाश बेताचा मिळतो, आणि न्यूयॉर्कमध्ये शाळेची पोरेही ती बघू शकतात. हे सगळे खरे. मात्र सोडवणे वेगळे आणि वाटणे वेगळे. जतनासाठी अनेक ग्रंथालये हस्तलिखितांची शिवण उसवतात, पाने एकेका चौकटीत ठेवतात, क्रमांक लावतात आणि सगळी एकाच खोलीत ठेवतात. तसे केले असते तर वरची एकही सोय बुडाली नसती.

इथे आपल्याकडच्या वाचकाचा थोडा गोंधळ होतो, कारण आपल्या पोथीची पाने मुळातच सुटी. वरखाली पाट्या, भोवती रुमाल. पान उचलावे, वाचावे, पालथे ठेवावे. पाने सुटी झाली तर काय बिघडले, असे आपल्याला सहज वाटते. इस्लामी ग्रंथाची घडण तशी नाही. तिथे कागद दुमडून जुज करतात, जुजांच्या घड्या मधोमध शिवतात आणि मग पुठ्ठा चढवतात. जुज हा शब्द आपल्याकडच्या जुन्या बाइंडरांनाही माहीत आहे, तो याच परंपरेतून आला. जुजातले एक पान काढले की शिवणीपलीकडचे त्याचे जोडपान सैल होते. शिवाय वाचताना दोन पाने एकदम समोर असतात. चित्रकाराला ते ठाऊक असते. डाव्या पानावर बाण सुटतो आणि पान उलटल्यावर तो कोणाला लागला ते कळते. हा हिशेब सुट्या पानाला चौकटीत बसवले की संपतो.

आणि शेवटी, पोथीचीही पाने सुटी असली तरी ती एका रुमालात असतात. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय एकाकडे आणि नववा दुसऱ्याकडे असे झाले तर आपण त्याला सोय म्हणणार नाही.

आपल्याकडे याच्या उलट घडलेले एक उदाहरण पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे अहमदनगरचे सचित्र फारसी हस्तलिखित आहे. आफताबी नावाच्या कवीने पहिल्या हुसेन निजामशाहाची स्तुती केली आहे, तालिकोटच्या लढाईसकट. काळ १५६५ नंतरचा, म्हणजे शाहनाम्याची उंटावरून एदिर्नेला रवानगी होत होती जवळपास तेव्हाचाच. बारा चित्रे आहेत. त्यांत राजाशेजारी राणी खुंजा हुमायूं होती, चांदबिबीची आई. पुढे तिच्या मुलानेच तिला कैद केले आणि चित्रांतली तिची आकृती पुसली गेली. आज राजाशेजारी रंगाचा एक डाग बसलेला दिसतो. पण पुस्तक एकत्र आहे, म्हणून हा डाग एका चित्राचा अपघात नसून हुकूम होता, हे पाने उलटता उलटता कळते. एकच पान कुठल्या लिलावात आले असते तर त्याच्या माहितीत 'किंचित खराब झालेले' असे लिहून मोकळे झाले असते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला हमझानामा. अकबराने करवलेला, मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद यांच्याच देखरेखीखाली, चौदाशे चित्रांचा. उरली आहेत दोनशेहून कमी. त्यातली काही १८८१ मध्ये श्रीनगरात एका इंग्रजाला खिडक्यांना चिकटवलेली मिळाली, थंडी अडवायला. शाहनाम्याच्या वाटणीची चर्चा करताना हेही मनात असावे. पान खिडकीला लावणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो आणि चौकटीत लावणाऱ्याला संग्राहक.

तेहरानपुढचा पेच

१९९० मध्ये हॉटन वारला. वारसांकडे ११८ चित्रे, ५०१ मजकुराची पाने आणि बांधणी उरली होती. त्यांना ती विकायची होती. पण कोणाला? तसेच चालू राहिले असते तर चित्रे एकेक करून गेली असती आणि मजकुराची पाने कुठेतरी खोक्यात पडली असती. लंडनचा कलाव्यापारी ऑलिव्हर होर याने सगळेच्या सगळे इराणला द्यायचा घाट घातला. किंमत पुन्हा दोन कोटी डॉलरच्या आसपास. इराकशी आठ वर्षे लढून १९८८ मध्ये मोकळा झालेला देश एवढे परकीय चलन पुस्तकावर घालवील हे शक्य नव्हते.

पण तेहरानच्या समकालीन कला संग्रहालयाच्या तळघरात निराळेच घबाड होते. शाहाची राणी फराह पहलवी हिच्या पुढाकाराने हे संग्रहालय १९७७ मध्ये उघडले, तेव्हा पिकासो, पोलॉक, बेकन, वॉरहॉल असा पाश्चात्त्य चित्रांचा प्रचंड संग्रह विकत घेतला होता. दोनच वर्षांत क्रांती झाली आणि तो तळघरात गेला. त्यात विलेम द कूनिंग याचे १९५३ च्या सुमाराचे 'वूमन थ्री' होते. नग्न बाईचे, ओरबाडून रंगवलेले मोठे चित्र. इस्लामी प्रजासत्ताकात ते भिंतीवर लागण्याची सुतराम शक्यता नव्हती. बाजारात त्याची किंमतही दोन कोटी डॉलरच्याच घरात होती. यातला विरोधाभास कोणी रचून सांगितला असता तर विश्वास बसला नसता. १९७६ च्या सुमारास शाहाने पुस्तक नाकारले आणि त्याच काळात त्याच्या राणीच्या संग्रहालयासाठी जी चित्रे येत होती, त्यातल्याच एकाने अठरा वर्षांनी ते पुस्तक आणले.

जुलै १९९४ मध्ये व्हिएन्नाच्या विमानतळावर अदलाबदल झाली. पुस्तक इराणच्या विमानात चढले, चित्र उतरले. वारसांना चित्र नको होते, पैसे हवे होते, म्हणून ते पुढे विकले गेले आणि काही काळातच अमेरिकन उद्योजक डेव्हिड गेफनकडे पोहोचले. २००६ मध्ये गेफनने ते स्टीव्हन कोहेन या गुंतवणूकदाराला विकले. बातम्यांत आलेला आकडा होता १३ कोटी ७५ लाख डॉलर.

तेव्हापासून इराण फसला, असे म्हणणारे बरेच भेटतात. त्यांच्यासाठी एक खडूस हिशेब. २०११ चा भाव ७४ लाख पौंड धरा आणि ११८ ने गुणा. ८७ कोटी पौंडांच्या वर जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आणखी एक पान, रुस्तम आपला घोडा रख्श अफरासियाबच्या कळपातून परत आणतो ते, सदबीजमध्ये ८० लाख पौंडांवर गेले, तो भाव धरला तर आणखी वर. अर्थात एकदम ११८ पाने बाजारात आली तर भाव कोसळेल, म्हणून हा हिशेब खोटा आहे. आणि तो करताना मीही पुस्तक पानांवारी मोजतो आहे, म्हणजे ज्या चालीवर मी टीका करतो तिच्यातच अडकलो. तरीही त्या अदलाबदलीत तेहरानने पैशांचाही तोटा केला नाही, एवढे सांगण्यापुरता तो राहू द्या.

माझ्या मते १९९४ चा निर्णय बरोबर होता आणि त्याचे कारण किंमत नाही. संग्रहालयाने आपल्याकडची वस्तू विकू नये हा नियम चांगला आहे, आणि तो मोडला गेला. द कूनिंगही वारसाच होता, इराणने डोळसपणे जमवलेला. त्यावर पाणी सोडणे ही लहान गोष्ट नव्हती, आणि तेहरानमधल्या चित्रकारांच्या एका पिढीला ते आधुनिक चित्र बघायला मिळाले असते तर बरेच झाले असते. पण 'वूमन थ्री' गेले ते अख्खे गेले. ते न्यूयॉर्कला असो की तेहरानला, चित्र तेच. शाहनामा तसा राहिला नसता. दर लिलावाला तो कमी होत होता. दोन गोष्टींपैकी एकच वाचवता येत असेल तर जी रोज झिजते आहे ती आधी धरावी.

तुर्कस्तानचे काय, असा प्रश्न कोणी विचारत नाही, तो मला विचारावासा वाटतो. पुस्तकाचे माहेर तब्रिझ खरे, पण सासरी ते तीनशेहून अधिक वर्षे नांदले आणि तिथेच सुखरूप राहिले. मेहमेद आरिफची टिपणे इराणी नाहीत, ती उस्मानी वाचनाचा पुरावा आहेत. कोणत्या चित्रासमोर त्याने काय लिहिले, कुठे लांबण लावली, कुठे दोन ओळींत आटोपले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. 'इराणचा वारसा' असे एकदा म्हटले की ती टिपणे जणू चित्राला चिकटलेला जुना कागद होऊन जातात.

मजकुराच्या ५०१ पानांबद्दल आता. क्रिस्टीजमध्ये ती कधी झळकली नाहीत. चित्र नाही म्हणजे किंमत नाही. पण शाहनामा हे काव्य आहे आणि ते त्या पानांवर आहे. बाजाराने त्यांना काडीची किंमत दिली नाही, म्हणूनच ती विखुरली नाहीत. एखाद्या वाटणीत सगळ्यांनी नको म्हटलेला मोडका कणगा थोरल्याच्या अंगावर पडावा आणि वर्षभराचे दाणे त्यातच निघावेत, तसे झाले. तेहरानने ती घेतली, आणि चित्रे जिथून गेली त्या ठिकाणी आधी काय होते, नंतर काय होते, हे आज त्यांवरूनच जुळवता येते.

२०१४ मध्ये मेटने एक भारदस्त ग्रंथ काढला. सगळी, म्हणजे २५८ च्या २५८ चित्रे मूळ क्रमाने, जवळपास मूळ आकारात, न्यूयॉर्कची, तेहरानची आणि खासगी तिजोऱ्यांतलीही. त्यात ती एकामागून एक रंगांत उलटता येतात, गयुमर्सच्या डोंगरापासून शेवटपर्यंत. मजकुराची ५०१ पाने त्यातही नाहीत.